तुरळ, राजवाडी, उन्हाळे: पाण्याला मार्क किती आणि गावाला किती

आधीच निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांची सुटका. कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं असेल तर पाण्याचं रेटिंग बघत बसू नका, पाणी सगळीकडं भारीच आहे, जमिनीतनं आपोआप येतंय, त्यात कुणाची करामत नाही. फरक पडतो तो कुंडाभोवतीच्या गावामुळं. कुंड कोण झाडतंय, शेवाळ कोण घासतंय, बायकांच्या बाजूला आडोसा आहे का, साबण लावणाऱ्याला हटकायला कुणी आहे का, आणि आंघोळ झाल्यावर भुकेजलेल्या माणसाला जवळपास काय खायला मिळतंय. म्हणून मी मार्क गावाला देणार. राजवाडीला पाचपैकी पाच, डोळे झाकून. राजापूरजवळच्या उन्हाळे गावाला साडेचार, आणि तिथली गंगा (एरवी कोरडी असलेली कुंडं अचानक आपोआप भरतात ती, पुढं सांगतो) आलेली असेल तर तिथला हिशोबच वेगळा. तुरळला चार. आणि आम्ही ज्या लॉजवर राहिलो त्याला एक, तो पण तिथल्या पोरानं चहा बरा केलता म्हणून.

आम्ही कोल्हापूरचे. घाटावर आपल्याकडं पाण्याला तोटा नाही, पंचगंगा आहे, रंकाळा आहे, पोहायला शिकलो ते कोटीतीर्थावर, पण गरम झरा म्हणून काय एक आपल्या वाट्याला आलेला नाही. ते सगळं सह्याद्री उतरून खाली. पालघर जिल्ह्यापासून सुरू होतं ते थेट राजापूरपर्यंत, समुद्राला समांतर अशी एक ओळच्या ओळ आहे झऱ्यांची, साधारण साडेतीनशे किलोमीटरची. वर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, मग महाडजवळचं सव, मग दापोली-खेडकडचं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. कोल्हापुरातनं बघितलं तर ह्या ओळीचं खालचं टोक आपल्याला जवळ. सकाळी लवकर निघालं तर आंबा घाट उतरून साखरपा, देवरुख करत दुपारच्या जेवणाला संगमेश्वर.

जायचं निमित्त आईचे गुडघे. शेजारच्या काकूंनी सांगितलं तुरळच्या पाण्यानं गुडघे सुटतात, मग काय, त्या दिवसापासनं घरात दुसरा विषय नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले गरम पाण्यानं शेकलं की आराम पडणारच, जावा, फक्त फार वेळ बसू नका आणि गोळ्या बंद करू नका. एवढंच वाक्य आईनं अर्धं ऐकलं. 'जावा' एवढं.

तुरळ मुंबई-गोवा हायवेला लागूनच आहे, शोधायला त्रास नाही. आणि तिथंच त्याचा एक मार्क गेला, कारण आंघोळ करताना ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. बाकी काय नाव ठेवायला जागा नाही. पाणी म्हणजे चेष्टा नाही भावांनो, साठ अंशाच्या आसपासचं असतं. आपल्या घरात गिझर जिथं बंद होतो ना, तिथं हे पाणी सुरू होतंय. मूळ झऱ्यात थेट पाय घालायचा नाद अजिबात करायचा नाही, काही सेकंदात कातडी सोलून निघंल. पाणी बाहेर काढून, थोडं निवू देऊन, गार पाणी मिसळून अंगावर घ्यायचं. आम्ही गेलतो तेव्हा एक मामा बादली घेऊन बसलेले, ते येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होते, न कंटाळता, आणि कुणी शहाणपणा करून बोट बुडवलं की 'बघा, सांगितलं ना' म्हणून हसत होते.

माझ्या मावसभावानं, त्याचं नाव नाही सांगत कारण तो हे वाचणार, येताना सहा अंडी आणलेली. यूट्यूबवर बघितलेलं कुठंतरी, की गरम झऱ्यात अंडी शिजतात. पिशवीत घालून दोरी बांधून सोडायच्या तयारीत असताना त्या मामांनी बघितलं. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, फक्त म्हणाले, "पाहुणं, देवाचं पाणी हाय हे. घरी गॅस न्हाय काय?" एवढ्यावर विषय संपला. आणि खरं सांगायचं तर अंडी शिजलीही नसती. अंड्याचा पांढरा बलक धरायलाच बासष्ट-त्रेसष्ट अंश लागतात आणि पिवळा त्याच्या वर, तुरळला म्हणजे नुसतं कोमट चिकट प्रकरण झालं असतं. उन्हवऱ्याला पाणी सत्तरीच्या आसपास जातं, तिथं जमलं असतं बहुतेक, पण तिथंही कुणीतरी मामा असणारच. अंडी परत डिकीतनं देवरुखपर्यंत आली आणि त्यातलं एक फुटलं, तो वास अजून आहे.

पोरगं विचारत होतं, पप्पा खाली ज्वालामुखी आहे का. बऱ्याच जणांना तसंच वाटतं, म्हणून सांगतो. कोकणातला काळा दगड लाव्हाचाच आहे पण तो लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, त्याची ऊब आता शिल्लक नाही. होतं असं की पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतनं खाली खाली मुरत जातं, आणि जमिनीत जेवढं खोल जाल तेवढं तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. म्हणजे साठ अंशाचं पाणी हवं तर एक-दीड किलोमीटर तरी खाली जाऊन आलेलं असणार ते. मग एखाद्या मोठ्या भेगेतनं ते पटकन वर येतं, निवायला वेळ मिळत नाही, आणि येताना दगडातले क्षार घेऊन येतं. सह्याद्रीच्या पायथ्याला आणि किनारपट्टीला अशा भेगांचा पट्टाच आहे म्हणून झरे खाली आणि आपण वर कोरडे. पोराला एवढं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, म्हणजे ज्वालामुखी नाही, आणि तोंड पाडून बसला.

राजवाडी तिथनं अगदी जवळ. हायवे सोडून आत वळलं की आवाज बंद, भातखाचरं, आंब्याची झाडं, आणि पुढं सोमेश्वराचं देऊळ. देऊळ कौलारू, आतलं लाकडी कोरीवकाम बघायलाच अर्धा तास काढा, खांबांवर, तुळयांवर हात फिरवावासा वाटतो (फिरवू नका). आणि देवळाला लागूनच कुंड. ह्या जागेबद्दल मी जास्त लिहिणार कारण खरं म्हणजे रिव्ह्यू लिहायला बसलो ते हिच्यासाठीच.

आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलो. नोव्हेंबर संपत आलेला, हवेत गारवा, त्यामुळं पाण्यावर वाफ धरलेली. कुंडावर आमच्या आधी गावातले दोन-तीन म्हातारे येऊन बसलेले, आणि त्यांची एक पद्धत होती, ती मी निवांत बसून बघितली. आल्या आल्या कुणी पाण्यात उतरत नाही. आधी कपडे उतरवून पंचा गुंडाळून काठावर बसायचं, तांब्यानं नुसती पावलं भिजवायची. मग घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघ्यावर धार धरायची, एकदा ह्या, एकदा त्या. तोपर्यंत गप्पा. कुणाच्या गाईला वासरू झालं, कुणाचा पोरगा मुंबईहून आला, कुणाचा आलाच नाही. मग खांद्यावर दोन तांबे, आणि डोक्यावर सगळ्यात शेवटी, तेही निववलेलं पाणी. साबण कुणाच्याच हातात नाही. आमच्या मावसभावानं खिशातनं साबणाची वडी काढली तर एका आजोबांनी नुसती मान हलवली आणि बोटानं खालच्या बाजूला दाखवलं. तिथं कुंडातनं वाहून जाणारं पाणी एका दगडी पाटातनं जात होतं आणि तिथं बायका धुणं धूत होत्या. म्हणजे साबण तिकडं. वर आंघोळ, खाली धुणं, त्याच्या खाली पाणी शेताकडं. बोर्ड नाही, वॉचमन नाही, दंड नाही आणि तरी पाणी स्वच्छ. आपल्याकडं घाटावर चार बोर्ड लावून हे जमत नाही.

आईला गावातल्या एका बाईनं हात धरून बायकांच्या बाजूला नेलं, "कुटनं आलाव?" असं विचारत. मग आतनं तासभर नुसते आवाज. बाहेर आल्यावर आईला त्या बाईच्या तीन सुनांची सगळी माहिती होती आणि त्या बाईला आमच्या गल्लीची. बायकोच्या पायातली चांदीची जोडवी मात्र काळी पडली, ते गंधकाचं काम. कुंडावर उकडलेल्या अंड्यासारखा जो हलका वास येतो ना, तोच वायू चांदीला लागला की ती काळवंडते. घाबरायचं कारण नाही, दंतमंजन लावून घासलं की परत पांढरी होते, पण पैंजण, साखळ्या असलं काय असेल तर आधीच काढून ठेवा.

आंघोळीनंतर अंगातली सगळी ताकद निघून गेल्यासारखं होतं आणि सणकून भूक लागते. जवळपास हॉटेल म्हणावं असं काय नाही, पण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर गावात घरगुती सोय होते. आम्हाला घावणे आणि नारळाची चटणी मिळाली, वर काळा चहा कारण दूध संपलेलं. मिसळ खाऊन वाढलेल्या माणसाला ती चटणी पहिल्या घासाला फिक्की लागते, खोटं कशाला बोलू, पण तिसऱ्या घावणाला मी तोंड बंद करून खात होतो. पैसे विचारले तर त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून आम्हालाच लाज वाटली, जास्त दिले, तर त्यांनी त्यातले थोडे परत करून पोराच्या हातात कोकमाची पिशवी ठेवली.

राजवाडीला गेलात तर कसबा संगमेश्वर चुकवू नका, वाटेवरच आहे. शास्त्री आणि अलकनंदा नद्यांचा संगम, १६८९ मधे संभाजी महाराजांना जिथं पकडलं ते हेच गाव, आणि तिथलं कर्णेश्वराचं दगडी देऊळ म्हणजे काय काम आहे राव. हे देऊळ करवीरच्या कर्ण राजानं बांधलं अशी आख्यायिका सांगतात. करवीर म्हणल्यावर आमची छाती दोन इंच फुगली, मावसभाऊ तर तिथल्या माणसाला 'म्हणजे आमचंच की' म्हणायला लागला.

आता लॉज. नाव लिहित नाही, हायवेच्या जवळपासचं एक, एवढंच समजा. बाहेर बोर्ड केवढा मोठा, नैसर्गिक गरम झऱ्याचं पाणी थेट रूममधे, सांधेदुखी, त्वचारोग, ताणतणाव सगळं गायब. भाडं बाकीच्यांपेक्षा दीडपट, आणि ते झऱ्याच्या पाण्यासाठी असं मॅनेजरनं स्वच्छ सांगितलं. रात्री नळ सोडला. वास नाही. साबण लावला तर फेसच फेस, आणि क्षाराच्या पाण्यात साबण असा फेसाळत नाही. बायकोनं एक जोडवं मुद्दाम घासूनपुसून नळाखाली रात्रभर बादलीत ठेवलं, सकाळी चकाचक. खाली जाऊन मॅनेजरला विचारलं तर म्हणाला साहेब पाइपलाइन लांबनं येते ना, त्यात वास उडून जातो. क्षार पण उडून जातात काय? तेवढ्यात चहा घेऊन आलेलं किचनमधलं पोरगं निरागसपणे बोलून गेलं, "वरती सोलर हाय ना, ढग असलं की गिझर लावतांव." मॅनेजरनं त्याच्याकडं जे बघितलं, मला त्या पोराचीच काळजी वाटली. आम्ही भांडलो नाही, आई सोबत होती, पण जादाचे पैसे कमी करून घेतले आणि निघालो. तुम्हाला कुठं असा बोर्ड दिसला तर एवढं करा, पैसे द्यायच्या आधी नळ सोडून वास घ्या. आणि मुळात गावच्या कुंडावर हीच गोष्ट उघड्यावर मिळत असताना बंद बाथरूममधे ती विकत घ्यायची तरी कशाला.

तशीच एक गोष्ट बाटलीची. वाटेत पाण्याच्या बाटल्या घेताना पोरगं म्हणालं हे पण मिनरल वॉटर, म्हणजे झऱ्याचं का. बाटली फिरवून बघा, बहुतेकांवर आयएस १४५४३ असा नंबर असतो, म्हणजे नुसतं शुद्ध करून भरलेलं पिण्याचं पाणी. खरोखरच्या नैसर्गिक मिनरल वॉटरचा नंबर वेगळा, आयएस १३४२८. आपण टपरीवर 'मिनरल द्या' म्हणतो आणि घेतो भलतंच. पण ह्याचा अर्थ कुंडातलं गरम पाणी बाटलीत भरून प्यायचं असा नाही हां, ते आंघोळीचं पाणी आहे.

संगमेश्वरहून हायवेनं खाली पाली, लांजा करत राजापूर. राजापूर म्हणजे जुनं बंदर, एकेकाळी इथं इंग्रजांची वखार होती, १६६१ मधे शिवाजी महाराजांनी ती लुटली आणि इंग्रजांना कैद केलं, शाळेत वाचलेलं सगळ्यांनी. इथला माल बैलांवर लादून अणुस्कुरा घाट चढून आपल्याकडं यायचा, तेव्हा राजापूर आणि कोल्हापूरचं नातं काय आजचं नाही. गाव अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या संगमावर, पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं ते बातम्यात दरवर्षी बघतोच आपण.

उन्हाळे गाव राजापूरपासनं दोन-तीन किलोमीटरवर. इथं गरम पाण्याचा झरा बारमाही आहे, आणि शेजारी देऊळ कुणाचं तर महालक्ष्मीचं. आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गाडीतनं उतरून तिनं देवळाचं नाव वाचलं आणि हातच जोडले, म्हणाली, बघ, आपल्या आधी येऊन बसलीया. इथलं पाणी तुरळएवढं जहाल नाही, चाळीस-बेचाळीसच्या घरातलं, म्हणजे अंगाला बरोब्बर सोसेल असं. धारेखाली सरळ बसता येतं. म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना घेऊन जायचं असेल तर तुरळपेक्षा इथं या, हा माझा स्पष्ट सल्ला. आई धारेखाली गुडघे धरून बसली ती उठायलाच तयार नाही, शेवटी तिला सांगायला लागलं की मागं लाईन लागलीय.

गुडघ्यांचं म्हणाल तर, त्या रात्री ती जिना धरल्याशिवाय उतरली आणि दुसऱ्या दिवशीही बरी होती, तिसऱ्या दिवशी परत 'आई गं' सुरू. म्हणजे शेक बसतो, आराम पडतो, आजार जात नाही. त्वचेच्या तक्रारींना गुण येतो असं तिथं सगळेच सांगतात, मी काय त्यावर बोलणार नाही, पण जखम उघडी असेल तर सार्वजनिक कुंडात उतरू नका, तुमच्यासाठी पण आणि दुसऱ्यासाठी पण. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. शुगरवाल्यांनी तर खास जपायचं, पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळतच नाही. आणि पोरांना नाकातोंडात पाणी जाईल असं डुंबू देऊ नका, कोमट गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो जो नाकावाटे मेंदूत जातो, क्वचित होतं पण झालं तर फार वाईट.

आता गंगा. ह्याच उन्हाळे गावाच्या हद्दीत डोंगरउतारावर राजापूरची गंगा. कोल्हापुरातल्या जुन्या लोकांना सांगायला नको, पण पोरांना माहीत नसतं म्हणून लिहितो. एका वडाच्या झाडाखाली मूळ गंगेचा उगम आणि आसपास दगडी बांधणीची कुंडं, सगळी मिळून चौदा. एरवी कोरडी ठाक. आणि साधारण तीन वर्षांनी एकदा, अचानक, कुठलाही पाऊस नसताना, कधी भर उन्हाळ्यात, कुंडं आपोआप भरायला लागतात. दोन-तीन महिने वाहते आणि जशी आली तशी जाते. अलीकडं तिचं वेळापत्रक जरा विस्कटलंय, लवकर येते, जास्त राहते. काशीकुंडाच्या गोमुखातनं धार पडते तिच्याखाली आंघोळ करायची, आणि गंमत म्हणजे एकमेकांना खेटून असलेल्या कुंडांत एकातलं पाणी गार तर दुसऱ्यातलं ऊन. हे असं का होतं ह्याचा जो अंदाज सांगितला जातो तो सायफनचा. गाडीच्या टाकीतनं नळीनं पेट्रोल ओढतो ना आपण, एकदा ओढ लागली की पातळी खाली जाईपर्यंत आपोआप येत राहतं, तसं जमिनीच्या पोटातली एखादी पोकळी हळूहळू भरत जाते, एका ठराविक पातळीला आली की वाहायला लागते आणि रिकामी झाली की थांबते.

आम्ही गेलो तेव्हा गंगा नव्हती. कोरड्या कुंडांत वडाची पानं पडलेली, एक कुत्रं सावलीला झोपलेलं, दोन दुकानांच्या फळ्या लावलेल्या. आणि तरी मला ती जागा बघायला आवडली, कारण लहानपणी मी हीच जागा गंगा आल्यावर बघितलेली. तेव्हा आजोबांना कुणाचातरी निरोप आला, गंगा आलीया, की घरात नुसती पळापळ. ट्रॅक्स ठरवायची, कळशा-कॅन गोळा करायचे, कुणाच्या अस्थी राहिल्यात का विचारायचं, भाकऱ्या बांधायच्या. घाटावरनं लोंढे यायचे. आधी खाली गरम झऱ्यावर आंघोळ, मग वर गंगेवर, मग धूतपापेश्वराचं दर्शन, हा क्रम ठरलेला. आणि त्या डोंगरउतारावर एक अख्खी बाजारपेठ उभी असायची, नारळ, उदबत्ती, बांगड्या, उसाचा रस, भज्यांच्या कढया, गंगेचं पाणी न्यायला रिकामे कॅन विकणारे, पूजा सांगणारे, चपला सांभाळणारे. आज तिथं त्यातलं काही नाही. इथली वस्तीच पाण्याच्या येण्याजाण्यावर चालते, पाणी आलं की एका रात्रीत गाव फुगतं आणि गेलं की परत आपल्या शेताभातात. दुकानाच्या फळीवर बसलेल्या एकाला मी विचारलं, परत कधी येईल? तो म्हणाला, ती काय एसटी हाय काय. मग थोडं थांबून म्हणाला, एसटी तरी कुठं वेळेवर येते म्हणा.

ह्याच्या अगदी उलट टोक म्हणजे गणेशपुरी. तानसा नदीच्या काठचं हे. एकेकाळी भीमेश्वराचं देऊळ, कुंडं आणि भोवती जंगल एवढंच. १९३६ च्या सुमारास नित्यानंद स्वामी तिथं येऊन राहिले, त्यांच्यामागं लोक आले, मग राहायच्या सोयी, आश्रम, दुकानं, आणि १९६१ ला त्यांनी समाधी घेतल्यावरही गाव वाढतच गेलं. शेजारच्या वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर नवस फेडायला बांधलं, ती १७३९ ची लढाई. म्हणजे तिथं झऱ्याचं गाव झालं आणि गावाचं शहर व्हायला निघालंय. मुंबई जवळ असल्यावर दुसरं काय होणार. सोयी तिथं जास्त, लॉज भरपूर, गर्दी त्याहून भरपूर. शनिवार-रविवारी जाऊ नये असं माझं मत. कोल्हापुरातनं मुद्दाम तेवढ्या लांब जायची काही गरज नाही.

हे सगळं बघून येताना एक विचार डोक्यातनं जात नव्हता. आपल्या अंबाबाईच्या देवळातलं मणिकर्णिका कुंड कित्येक वर्षं बुजवून वर बाग केलेली, आत्ता अलीकडं ते उकरून मोकळं केलं, तेव्हा आपण सगळे बघायला गेलो, फोटो काढले. राजवाडीला कुंड बुजवायचा विचारसुद्धा कुणाला सुचणार नाही कारण रोज सकाळी चार म्हातारे तिथं जाऊन बसतात. त्यांची पोरं मुंबईला आहेत हा भाग मात्र काळजीचा. हायवे मोठा होतोय, जमिनीचे भाव वाढतायत, आणि तो लॉजवाला बोर्ड लावून बसलाच आहे.

कुणी विचारंल म्हणून बाकीचं पटापट लिहितो. सोबत पंचा, जुने कपडे, रबरी चप्पल आणि स्वतःचा तांब्या न्या. साबण-शाम्पू गाडीतच ठेवा. सकाळी आठच्या आत कुंडावर पोहोचा, नंतर ऊन आणि गरम पाणी दोन्ही सोसत नाही. पावसाळ्यात शक्यतो नको, घाट आणि नद्या दोन्हीचा भरवसा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बायकांच्या कपडे बदलायच्या सोयीची चौकशी आधी फोनवर कुणाकडनंतरी करून ठेवा, एका कुंडावर, नाव घेत नाही, दाराला कडीच नव्हती आणि बायकोला बाहेर ओढणी धरून उभं राहायला लागलं, ही गोष्ट दोन हजार रुपयांत सुटण्यासारखी आहे, ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर. कुंडावर तिकीट-बिकीट काय नाही, दानपेटी असते, तिच्यात चहाला जेवढे घालवता तेवढे तरी टाका.

परतीला आम्ही ओणी, पाचल करून अणुस्कुरा घाटानं आलो, बाजारभोगावमार्गे थेट कोल्हापूर. रस्ता देखणा आहे, वळणं अवघड आहेत, रेंज जाते आणि अंधार पडल्यावर वस्ती तुरळक. राजापुरातच टाकी फुल करा, चारच्या आत निघा, आणि मागच्या सीटवर आंघोळ करून झोपलेली मंडळी असणार, त्यामुळं ड्रायव्हरला जागं ठेवायला एक माणूस आधीच ठरवून ठेवा. आमच्यात ते काम मावसभावाकडं होतं, तो पहिल्या वळणाला घोरायला लागला.